‘पुरे’ कधी म्हणायचं? (गीता ६.१६-१७)



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७. सोबत ज्ञानेश्वरीतल्या याच दोन श्लोकांवरच्या ओव्या. ग्रंथ हाताशी असेल तर आधी तेवढं वाचून घ्या आणि मग इथे या. पाच मिनिटं लागतील.

सहावा अध्याय ध्यानाचा. आसन कुठे घालावं, पाठ आणि मान कशी ठेवावी, नजर कुठे असावी, हे भगवान अर्जुनाला सांगतायत. आणि मधेच विषय ताटावर आणि अंथरुणावर येतो. जो फार खातो त्याला योग साधत नाही, जो काहीच खात नाही त्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. पुढच्या श्लोकात भगवान सांगतात की ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जाग हे सगळं ‘युक्त’ आहे, त्याचाच योग दुःख घालवणारा होतो.

या यादीत ‘काम’ आहे, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. आपण हे श्लोक आहाराचे श्लोक म्हणून वाचतो. डाएट करणारा मित्र फॉरवर्ड करतो तेव्हा तर हमखास. पण भगवंतांनी कामालाही तेच विशेषण लावलंय जे जेवणाला लावलंय. म्हणजे कामाचंही अजीर्ण होतं आणि कामाचाही उपास घडतो. दोन्हीत योग नाही.

‘युक्त’ म्हणजे नेमकं किती?

इथे आपण अडतो. कारण भगवान आकडा देत नाहीत. किती पोळ्या, किती तास झोप, किती लाखांचं पॅकेज, काहीच नाही.

ज्ञानेश्वर माऊली इथे एक घरगुती शब्द वापरतात: माप. आहार घ्यावा, पण तो युक्तीच्या मापाने मोजून घ्यावा. सगळ्या क्रिया त्याच रीतीने कराव्या. बोलणं मोजकं, चालणंही मोजकं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे माऊली झोपेचासुद्धा मान राखायला सांगतात, वेळच्या वेळी. जागायची वेळ आलीच तर जागणंही मापात असावं असं म्हणतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात सांगितलेली ही गोष्ट. रात्री अकराच्या कॉलवर म्यूट करून जांभई देणाऱ्या आपल्यासारख्यांना ती अगदी कालची वाटते.

आता ‘माप’ या शब्दावर थोडं थांबूया. माप ही वस्तू कशी असते? तांदळाच्या डब्यात एक वाटी ठेवलेली असते. डबा भरलेला असो की अर्धा, वाटी तेवढीच. भूक कमी असो की जास्त, वाटी तेवढीच. माप आधीपासून तिथे असतं, म्हणून ते माप. समोर पदार्थ आल्यावर जे ठरतं त्याला माप म्हणत नाहीत, त्याला इच्छा म्हणतात.

माझी आई हेच तिच्या भाषेत सांगते: ‘उपाशी माणसाने तांदूळ मोजू नयेत रे, भात नेहमी जास्त होतो.’

आजच्या वाचनातून मला घेण्यासारखी वाटली ती एवढी एकच गोष्ट. संतोष हा पगार आल्यावर मिळणारा अनुभव नाही. तो ऑफर यायच्या आधी ठरवून ठेवायचं माप आहे. ऑफर लेटर समोर उघडं असताना ‘मला किती पुरे?’ हा प्रश्न विचारला तर उत्तर कायम त्या लेटरमधला आकडाच येतो.

आमच्या घरचं माप

नुसतं तत्त्व सांगून थांबलो तर तुम्ही म्हणाल, बोलायला काय जातंय. म्हणून आमचा हिशोब सांगतो.

मागच्या गुढीपाडव्याला मी आणि बायकोने एका वहीत आमचं माप लिहिलं. दोन बाजू केल्या. डाव्या बाजूला रुपये. घराचा हप्ता ३२,०००. घरखर्च २८,०००. मुलीची शाळा आणि आईची औषधं मिळून १४,०००. विमा आणि बचत २०,०००. दान ३,०००. एकूण ९७,०००. माझ्या हातात तेव्हा महिन्याला साधारण १,०५,००० येत होते. म्हणजे ओढाताण नाही, पण उधळायलाही नाही.

उजव्या बाजूला तास. म्हणजे कुठल्याही किमतीला विकायचे नाहीत असे तास. संध्याकाळी साडेसात ते आठ, आईबरोबर हरिपाठ. आठ ते नऊ जेवण, फोन दुसऱ्या खोलीत. रात्री सात तास झोप. रविवार पूर्ण.

आषाढी झाली आणि पंधरा दिवसांत एक ऑफर आली. मी मागितली नव्हती, पण नको म्हणावं अशीही नव्हती. हातात येणारा पगार १,०५,००० वरून १,५२,०००. पद मोठं. आम्ही राहतो चिंचवडला, आणि नवीन ऑफिस खराडीला, आठवड्याचे पाचही दिवस जायचं. परदेशातल्या टीमबरोबर उशिरापर्यंत कॉल. शनिवारीही थोडं काम असतं, हे त्यांनी प्रामाणिकपणे आधीच सांगितलं.

मी त्याच वहीत तास मांडले. सध्या रोज ९ तास, पाच दिवस, म्हणजे ४५. ऑफिसला तीनच दिवस जातो, जाऊन-येऊन २ तास, म्हणजे ६. आठवड्याला एकूण ५१. नव्या ठिकाणी रोज ११ तास, म्हणजे ५५. प्रवास रोज ३ तास, म्हणजे १५. शनिवारचे ४. एकूण ७४.

महिन्याचे साधारण सव्वाचार आठवडे धरले तर आत्ता २१७ तास आणि तिकडे ३१५ तास. आता भागाकार करा. १,०५,००० भागिले २१७, येतात साधारण ४८४ रुपये. १,५२,००० भागिले ३१५, येतात साधारण ४८३ रुपये.

मी दोनदा कॅल्क्युलेटर तपासला. माझ्या एका तासाची किंमत एका पैशाने वाढत नव्हती. मी फक्त जास्त तास विकणार होतो. आणि ते तास कुठून येणार होते? वहीच्या उजव्या बाजूकडून. दुसरीकडे शिल्लकच नव्हते.

सगळ्यांचं गणित असंच येईल असं मी म्हणत नाही. तुमचं वेगळं येईल. कदाचित तुमच्या ऑफरमध्ये तासाची किंमत खरंच दुप्पट होत असेल. पण भागाकार करून बघा. पॅकेजचा आकडा वर्षाचा असतो, आणि आयुष्य तासांत जातं.

‘तुला नको आहे, की तुला भीती वाटते?’

आता खरी अवघड जागा. मी हिशोब दाखवला तेव्हा बायकोने शांतपणे विचारलं, ‘अरे, तुला नको आहे, की तुला भीती वाटते? मोठ्या जबाबदारीची?’

हा प्रश्न गीतेतलाच आहे. पहिला अध्याय आठवा. अर्जुन धनुष्य खाली ठेवतो आणि काय बोलतो? मला राज्य नको, सुखं नकोत. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तर म्हणतो की भीक मागून जगणं बरं. वरवर ऐकलं तर हा किती वैराग्याचा माणूस! नकार देतोय, त्याग करतोय, साधं जगायला तयार आहे. आणि भगवंत त्याला शाबासकी देत नाहीत. हे दुबळेपण सोड आणि उभा राहा, असं सांगतात. कारण त्याचा नकार तृप्तीतून आलेला नव्हता. तो मोहातून आणि थरथरत्या हातांतून आलेला होता.

म्हणून मित्रांनो, पैसा नाकारला की आपोआप संतोष सिद्ध झाला असं होत नाही. आळसही ऑफर नाकारतो. न्यूनगंडही नाकारतो. नवीन शिकायचा कंटाळाही ‘मला बॅलन्स महत्त्वाचा आहे’ असंच म्हणतो. शब्द सगळ्यांचे सारखेच.

मग ओळखायचं कसं? मला तीन खुणा सापडल्या, त्या सांगतो.

पहिली खूण: नकाराचं कारण ऑफरच्या आधी लिहिलेलं होतं का? आधी लिहिलेलं असेल तर ते माप. नंतर सुचलेलं असेल तर ते बहुधा निमित्त.

दुसरी खूण: वाचलेल्या वेळेत मी काय करतो? हरिपाठाच्या नावाखाली वाचवलेला अर्धा तास मी रील्स बघण्यात घालवणार असेन, तर खराडीला गेलेलं बरं. निदान पैसे तरी येतील.

तिसरी खूण: नकार दिल्यावर सध्याच्या कामातली माझी मेहनत वाढते की कमी होते? तृप्त माणूस हातातलं काम नीट करतो. घाबरलेला माणूस त्यातूनही अंग काढतो.

बायकोच्या प्रश्नावर मी दोन दिवस घेतले. पहिल्या खुणेला वही पुरेशी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेचं उत्तर शब्दात देता येत नाही, वागून द्यावं लागतं. म्हणून तिला सांगितलं की सहा महिन्यांनी हाच प्रश्न मला परत विचार. आणि त्या लोकांना आभार मानून नाही कळवलं.

एक पै

काम मन लावून करणं हे भक्तीच्या आड येतं का? आपल्या परंपरेत याचं उत्तर एका गोष्टीत आहे, तुम्ही लहानपणी ऐकली असेल. संत एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे होते. स्वामी म्हणजे गिरीपर्वतात राहणारे संन्यासी नव्हते. ते किल्लेदार होते, मोठ्या जबाबदारीच्या सरकारी नोकरीत. त्यांनी नाथांना हिशोबाचं काम दिलं. एकदा हिशोबात एका पैची चूक लागेना. नाथ रात्रभर बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, एक पै सापडल्याचा एवढा आनंद झाला, मग संसारातली मोठी चूक सापडली तर केवढा होईल! हीच एकाग्रता तिकडे लाव.

बघा, स्वामी असं म्हणाले नाहीत की हिशोब सोड. ‘एका पैसाठी कशाला जागतोस’ असंही म्हणाले नाहीत. त्यांनी नाथांची एकाग्रता मोलाची मानली आणि तिला दिशा दिली. जो माणूस एका पैच्या मागे रात्रभर बसू शकतो, तोच देवाच्या मागे बसू शकतो.

म्हणून ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ म्हणजे कामात कमी जीव ओतणं, असा अर्थ मला पटत नाही. कामाच्या तासात पूर्ण जीव ओता. पण ओतायला काहीतरी उरलं पाहिजे, याची काळजी घ्या. चौदा तासांनी घरी आलेल्या माणसाकडे देवाला द्यायला फक्त थकवा असतो. देव तोही घेईल, तो दयाळू आहे. पण रोज तेवढंच द्यायचं का?

हे कुणाला सांगायचं नाही

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण संतोषाच्या उपदेशाचा फार गैरवापर होतो. ज्याचा पगार घरभाडं आणि किराणा यातच संपतो, त्याला ‘समाधानी राहा’ असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही. श्लोकाचा पहिला भाग विसरू नका: जो अजिबात खात नाही त्यालाही योग नाही. उपासमार हे माप नव्हे. ज्याची डावी बाजूच भरत नाही त्याने जास्त पगाराची नोकरी शोधावी, पगारवाढ मागावी, हक्काने मागावी. कमी पैसे देणाऱ्या मालकाने कामगाराला संतोष शिकवणं, यासारखी विटंबना नाही.

माझ्या मावसभावाचंच सांगतो. घरात मोठं आजारपण झालं, कर्ज झालं. त्याने रात्रपाळीची, जास्त पगाराची नोकरी घेतली. घेतानाच बायकोला सांगितलं, दोन वर्षं, कर्ज फिटेपर्यंत. कॅलेंडरवर महिना लिहून ठेवला. मला त्याची निवड माझ्या निवडीइतकीच युक्त वाटते. त्याचंही माप आधी ठरलेलं होतं. फरक एवढाच की त्याची वाटी त्या काळापुरती वेगळी होती.

आणि तुकोबा बघा. देहूच्या घरात दुकान होतं, सावकारी होती. १६३० च्या दुष्काळाने घर मोडलं. नंतर त्यांनी कर्जाच्या खतांची वाटणी केली, भावाचा अर्धा वाटा भावाला दिला, आणि फक्त स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. यातलं ‘फक्त स्वतःच्या वाट्याची’ हे नीट लक्षात घ्या. त्यांनी आपला संतोष भावावर लादला नाही. आपल्या निवडीची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाने भरायची असेल तर त्याला विचारावं लागतं. म्हणून वही दोघांनी मिळून लिहायची. एकट्याने घेतलेलं वैराग्य बऱ्याचदा दुसऱ्याच्या डोक्यावर बसतं.

याच तुकोबांनी धन जोडू नका असं कधी शिकवलं नाही. चांगल्या व्यवहाराने जोडावं आणि मन न अडकवता खर्च करावं, हीच त्यांची शिकवण. जास्त कमावणारे सगळे लोभी आणि कमी कमावणारे सगळे संत, अशी सोपी वाटणी आपल्या संतांनी केलेली नाही. आपणही करू नये. तुमच्या ग्रुपमधला मित्र मोठ्या पॅकेजवर गेला तर त्याचं मनापासून अभिनंदन करा. ते करताना पोटात कळ आली नाही, तर समजा वाटी जागेवर आहे.

किंमत

किंमत नाही असं नाही. ४७,००० रुपये महिन्याला कमी, ही खरी किंमत आहे. दोन बेडरूमचं घर आम्ही पुढे ढकललं. मुलगी मोठी होतेय, आईला वेगळी खोली हवी, हे मला रोज दिसतं. बरोबरचे लोक पुढे गेलेले दिसतात. लग्नकार्यात कुणी विचारतं, ‘अजून तिथेच का रे?’ तेव्हा क्षणभर टोचतं. बाराव्या अध्यायात भगवान आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतात. त्यात जे मिळेल त्यात संतुष्ट असणं आहे, आणि त्याच्या शेजारीच निंदा-स्तुती समान मानणं आहे. ही दोन लक्षणं एकाच श्लोकात का आली असतील, ते त्या ‘अजून तिथेच का रे’ने मला शिकवलं. पैशाची इच्छा आवरणं त्या मानाने सोपं. लोक काय म्हणतील ते ऐकून गप्प राहणं कठीण.

आणि मापही कायमचं नसतं. घरात माणूस वाढला की भाताची वाटी वाढते. पुढच्या पाडव्याला आम्ही वही परत उघडणार आहोत. आईच्या खोलीचा खर्च डाव्या बाजूला लिहावा लागेल असं दिसतंय. तेव्हा कदाचित मी नवीन नोकरी शोधेनही. पण आधी वही, मग लिंक्डइन.

आजचा अभ्यास

१. एका कागदावर दोन बाजू करा, रुपये आणि तास. लग्न झालं असेल तर दोघांनी मिळून, आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांना विचारून. विमा, अडीअडचणीची बचत आणि दान वगळू नका. तारीख टाका.

२. आत्ताच्या पगाराचा प्रवासासकट तासाचा भाव काढा. पुढची ऑफर आली की तिचाही काढा.

३. विकायचे नाहीत असे तास कुठले, ते लिहा. अर्धा तास असला तरी चालेल. आणि आजपासून तो अर्धा तास ज्यासाठी राखलाय, त्यासाठीच वापरा.

४. झोपायच्या आधी सहाव्या अध्यायातले हे दोन श्लोक एकदा म्हणा. आणि माऊलींनी सांगितल्याप्रमाणे झोपेचा मान राखा. फोन बाजूला ठेवा.

प्रार्थना

पांडुरंगा, तू विटेवर उभा आहेस, तेवढीच जागा घेऊन. आम्हाला आमची जागा कळू दे. जे कमी पडतंय ते मागायचा धीर दे, आणि जे पुरतंय ते ओळखायची नजर दे. आमच्या नकारात भीती नसू दे, आमच्या होकारात हाव नसू दे. दिवसाच्या शेवटी तुझ्यासमोर बसू तेव्हा हातात थोडं त्राण उरलेलं असू दे, टाळ वाजवण्यापुरतं.

राम कृष्ण हरी. उद्या पुढच्या श्लोकावर बोलूया, वाऱ्याशिवायच्या जागेतल्या दिव्याची ज्योत जवळ आलीय.